एकशे अठ्ठावीस

उद्यमनगरात दुपारी
फाउंड्रीची धग गल्लीत उतरते, त्या वेळेला
दस्तगीर आला, गाडीच्या मागं
गोणपाटात गुंडाळलेला कटर बांधून.
"चालतंय की झ्याक," म्हणाला,
"पण पयल्यासारखा दम न्हाई. ताकद वाढवून दे."

चालत्या मशीनला पाना लावू नये
असं वस्ताद म्हणायचा,
आणि चालती मशीनंच उघडायला बसवायचा आम्हाला.
बंद पडलेलं मशीन खोटं बोलतं, म्हणायचा,
सगळं खापर एकाच पार्टवर फोडतं.

झाकण काढलं. आत दोन बोटं भुसा,
वर सुरूचा, मध्ये जांभळाचा तांबूस,
अगदी तळाला फणसाचा पिवळा, तेलात थिजलेला.
मशीन कुठं कुठं फिरून आलंय, विचारावं लागलं नाही.

प्लग काढला. टोक चहाच्या रंगाचं, म्हणजे तब्येत बरी.
प्लगच्या जागी गेज बसवलं, बोटांनीच आवळून.
थ्रॉटल मी दाबून धरला.
"ओढ. तुझं मशीन, तूच ओढ."
साठ.
नव्वद.
एकशे दहा.
काटा दम खात जिना चढल्यासारखा चढला
आणि एकशे अठ्ठावीसवर बसला.
पुढच्या दोन ओढींना हलला नाही.

"बघ. म्हटलं न्हवतं?"

मग जुन्या बिलाच्या पाठीवर बेत लिहिला.
सिलिंडरखालचं पॅकिंग काढायचं.
त्याआधी सोल्डरची तार आत चेपून फट मोजायची,
वीस थाऊच्या खाली गेली तर पिस्टन डोकं आपटून घेईल.
सायलेन्सरचं तोंड रुंद.
कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा सैल.
एक्झॉस्टची खिडकी अर्धा मिलि वर,
ते मात्र जिनगोंडाच्याच हातचं काम,
आणि जिनगोंडा आठवडाभर निपाणीला, मेव्हण्याच्या लग्नात.

"मग किती दावंल काटा?"
"दीडशेच्या वर. पण दोरी जड होईल."
"हू दे."

तो चहा सांगायला बाहेर गेला.
मी सवयीनं काटा शून्यावर आणला
आणि दोरी ओढली. पाच वेळा.
एकशे बावन्न.
परत शून्य. परत पाच.
एकशे बावन्न.
सायलेन्सर काढून बॅटरी मारली:
पिस्टनवर ओरखडा नाही,
भिंतीवरच्या होनिंगच्या तिरक्या रेघा शाबूत.

मशीनला काही झालं नव्हतं.
ती चोवीस घरं खांद्याची होती.

टपरीपाशी दस्तगीर उभा,
कप डाव्या हातात, उजवा खिशात.
गेल्या वर्षी गगनबावड्याच्या घाटात
दाबातली फांदी उसळून बसली होती त्याच्यावर.
"टाका बी पडला न्हाई," सांगत हिंडायचा,
आम्हीही हसायचो, हाडांचं कौतुक करायचो.

आत आला तर म्हटलं, गेज जुनं झालंय, भरवसा नाही त्याचा.
बिलावरची पहिली ओळ खोडली.
"पॅकिंग असू दे. सायलेन्सर करू.
आणि सिलिंडरला एक बटण बसवू,
दाबलं की ओढताना थोडी हवा सोडतं."
"म्हाताऱ्यांचं काम त्ये."
"मोठ्या मशीनला कंपनीच लावून देते."
हे खरं होतं. म्हणून तर सांगता आलं.

तो खोडलेल्या ओळीकडं बघत राहिला,
चहा संपेपर्यंत.
मग गेजचा खटका त्यानंच दाबला,
काटा शून्यावर पडलेला नीट वाकून पाहिला,
आणि दोरीची मूठ माझ्या हातात दिली.
"तू वड बरं एकडाव."

थ्रॉटल त्यानं धरला.
मी ओढली,
जितकी हळू ओढता येईल तितकी हळू,
वीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला
जितकं वाईट ओढता येईल तितकं.

"जोरात वड की," दस्तगीर म्हणाला,
काट्याकडं न बघता.